सेंट व्हिन्सेंट बेटाच्या रीतीने नाशिकमध्ये नाताळ कसा साजरा करावा

कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट हे बेट सुमारे ३४५ चौरस किलोमीटरचे आहे. एकट्या नाशिक जिल्ह्यात अशी चाळीसहून अधिक बेटे मावतील. दक्षिणेकडील ग्रेनेडाइन्स माळेतील काही लहान बेटांसह हा देश २७ ऑक्टोबर १९७९ रोजी स्वतंत्र झाला. त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत आहे, किंग्सटाउन ही राजधानी आहे आणि उत्तरेला ला सूफ्रिएर हा १,२३४ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी आहे. या एवढ्याशा बेटावर नाताळ एका दिवसात उरकत नाही. केकमध्ये घालायचा सुका मेवा कित्येक महिने आधीपासून रममध्ये मुरत असतो, १६ डिसेंबरपासून सलग नऊ दिवस लोक पहाटेच्या अंधारात उठून रस्त्यावर येतात, २४ तारखेच्या रात्री उशिरापर्यंत घरे घासूनपुसून खिडक्यांना नवे पडदे लावले जातात आणि त्यानंतर येणाऱ्याजाणाऱ्याला खाऊपिऊ घातल्याशिवाय सोडले जात नाही.

नाशिकमधील ख्रिस्ती कुटुंबांनी आणि मंडळ्यांनी, तसेच त्यांच्याबरोबर सण करू इच्छिणाऱ्या शेजाऱ्यांनी, या रीतीने एकदा नाताळ करून पाहावा असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे आगमनकाळातील, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांतील, उपासना नेमाने होतात, परंतु घरातील तयारी मात्र बेकरीतून आणलेला प्लम केक आणि गच्चीवर टांगलेला तारा यांपुरती आक्रसत चालली आहे. बेटावरील लोकांकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तयारीला दिलेला वेळ. त्यांच्या दृष्टीने ती तयारी हाच सणाचा मोठा भाग असतो. शिवाय त्यांच्या पंगतीत जे जे लागते, त्यातील बहुतेक सर्व नाशिकच्या शिवारात पिकते: द्राक्षे, लाल अंबाडी, तूर, आले आणि ऊस. म्हणून हा सण येथे करण्यासाठी परदेशी वस्तूंच्या दुकानात जावे लागत नाही. मात्र काम लवकर सुरू करावे लागते.

मेवा मुरत घालणे

बेटांवरील नाताळचा काळा केक इंग्लंडमधील प्लम पुडिंगपासून निघाला. उसाच्या मळ्यांवर रम आणि गडद साखर मुबलक असल्यामुळे ब्रँडीची जागा रमने घेतली, मेवा अख्खा न ठेवता बारीक करण्याची पद्धत पडली आणि जाळलेल्या साखरेने केकला त्याचा काळा रंग दिला. उत्तम केक करणाऱ्या स्त्रिया मेवा वर्षभर आधी भिजत घालतात. आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम साधारणपणे जानेवारी ते एप्रिल असतो, त्यामुळे उन्हाळा सरता सरता नवा बेदाणा बाजारात येतो. जूनमध्ये बरणी भरली तर उत्तम, गणपतीत भरली तरी चालेल. दिवाळीच्या पुढे मात्र लांबवू नये.

बेदाणा निवडताना नाशिककरांनी एक नेहमीची सवय सोडावी. आपण हिरवट-पिवळा, लांबट, चकचकीत बेदाणा चांगला समजतो; तो रंग टिकवण्यासाठी बेदाण्याला बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. या केकला त्या रंगाचा काहीही उपयोग नाही. उलट धुरी न दिलेला तांबूस-काळा बेदाणा चवीला अधिक गडद असतो आणि सहसा स्वस्तही पडतो. द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून शेडवर टाकण्यापूर्वी ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्यामुळे घरी आणलेला बेदाणा कोमट पाण्याने दोनदा धुवावा आणि पंचावर पसरून एक संपूर्ण दिवस वाळवावा. ओलावा राहिला तर बरणीत आंबण्याची क्रिया सुरू होते आणि महिन्यांची मेहनत वाया जाते.

आठ इंची दोन केकसाठी ३०० ग्रॅम काळे मनुके, २०० ग्रॅम बेदाणे, २०० ग्रॅम बिया काढलेले सुके आलुबुखारे, १०० ग्रॅम चेरी आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल १०० ग्रॅम घ्यावी. बाजारात पाकातल्या लाल चेरी म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा करवंद असते. त्याने केक बिघडत नाही, परंतु त्याचा पाक निथळून, पुसून घ्यावा. संत्र्याची साल घरीच करता येते: आतील पांढरा भाग खरवडून, साल दोनदा पाणी बदलून उकळावी आणि समभाग साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवावी. हे सर्व काचेच्या कोरड्या बरणीत भरून त्यावर ३०० मिलिलिटर गडद रम आणि ३०० मिलिलिटर लाल वाइन ओतावी. बेटावर गोड पोर्ट किंवा चेरी ब्रँडी वापरतात. नाशिकच्या द्राक्षांची साधी लाल वाइन तिची जागा चांगल्या प्रकारे घेते. महाराष्ट्रात मद्य घेण्यासाठी परवाना लागतो, तसेच रमसाठी २५ वर्षे आणि वाइनसाठी २१ वर्षे ही वयोमर्यादा आहे, हे लक्षात ठेवून घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने ही खरेदी करावी. बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवावी, आठवड्यातून एकदा उलटसुलट हलवावी आणि मेवा द्रवाच्या वर आलेला दिसल्यास थोडी रम वाढवावी.

मद्य वर्ज्य असलेली कुटुंबे आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ आहेत, बेटावरील मंडळ्यांमध्येही आहेत. त्यांनी काळ्या द्राक्षांचा रस आणि कडक काळा चहा समप्रमाणात एकत्र करून त्यात मेवा फ्रीजमध्ये दोन दिवस भिजवावा. असा केक महिनाभर टिकणार नाही, म्हणून तो २२ किंवा २३ डिसेंबरला भाजून पाच दिवसांत संपवावा. पाहुण्यांसाठी दोन्ही केक करणार असाल तर ताटांवर चिठ्ठी ठेवावी, कारण भाजल्यानंतरही रमचा काही अंश केकमध्ये शिल्लक राहतो आणि वरून घातलेली रम तर तशीच असते. लहान मुलांना आणि औषधे चालू असणाऱ्यांना बिनमद्याचाच केक द्यावा.

केक भाजणे

रमच्या केकसाठी डिसेंबरचा पहिला आठवडा योग्य. प्रथम जाळलेली साखर तयार करावी, आणि हे काम मुलांना स्वयंपाकघराबाहेर पाठवूनच करावे. जाड बुडाच्या लोखंडी कढईत २०० ग्रॅम साखर मंद आचेवर ठेवावी. ती आधी कडेने वितळते, मग मधासारखी होते, मग तांबूस होऊन फेसाळू लागते. येथे थांबण्याचा मोह होतो, पण थांबू नये. रंग जवळजवळ काळा झाला, बुडबुडे मोठे आणि संथ झाले आणि धुराची पहिली रेघ दिसली की आच बंद करावी व हात लांब ठेवून १०० मिलिलिटर उकळते पाणी कढईच्या कडेने थोडे थोडे सोडावे. मिश्रण जोरात उसळते आणि त्याची वाफ भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा कपडा घालावा. थंड झाल्यावर हा काळा पाक बाटलीत भरून ठेवावा. त्याची चव कडवट असते आणि ती तशीच असायला हवी.

२५० ग्रॅम लोणी आणि २५० ग्रॅम गडद साखर हलके होईपर्यंत फेटावी, त्यात सहा अंडी एकेक करून घालावीत. भिजलेला मेवा त्याच्याच द्रवाच्या काही भागासह मिक्सरमध्ये फिरवावा. अगदी चटणी करू नये, दाताखाली थोडे कण लागायला हवेत. मेवा मिश्रणात घालून त्यावर २५० ग्रॅम मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, एक चमचा दालचिनीची पूड, अर्धे किसलेले जायफळ, चिमूटभर लवंगपूड आणि एका लिंबाची किसलेली साल घालावी. शेवटी जाळलेल्या साखरेचा पाक चार मोठे चमचे घालून रंग पाहावा आणि तो कॉफीच्या पुडीइतका गडद होईपर्यंत पाक वाढवावा. डब्यांना आतून बटर पेपरचे दोन थर लावावेत, कारण हा केक १५० अंश सेल्सियसला पावणेदोन ते दोन तास भाजतो आणि एका थराने कडा करपतात. सुई घातल्यावर ती ओलसर येईल, पण तिला कच्चे पीठ लागता कामा नये.

घरी ओव्हन नसेल तर दिवाळीत आपण नानकटाईचे ट्रे जेथे नेतो त्या बेकरीवाल्याशी आधी बोलून ठेवावे. पावाची भट्टी नुकतीच उतरलेली असताना, म्हणजे उष्णता कमी होऊ लागल्यावर, केक आत जावा. पावाच्या आचेवर तो वरून जळून आतून कच्चा राहील, हे बेकरीवाल्यास स्पष्ट सांगावे. केक बाहेर आल्याबरोबर, तो गरम असतानाच, त्यावर तीन-चार चमचे रम घालावी, थंड झाल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावा आणि नाताळपर्यंत दर आठवड्याला पुन्हा दोन चमचे रम द्यावी.

अंबाडीचे लाल पेय

बेटांवर ज्याला सॉरेल म्हणतात ती वनस्पती म्हणजे आपली लाल अंबाडी. ती आफ्रिकेतून तेथे गेली आणि आज कॅरिबियन बेटांवर या लाल पेयाशिवाय नाताळ पूर्ण होत नाही. त्याचे कारण तिच्या स्वभावात आहे: दिवस लहान होऊ लागले की अंबाडीला फुले येतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुलामागची मांसल लाल बोंडे काढणीस येतात. सेंट व्हिन्सेंट १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, नाशिक २० अंशांवर. दोन्हीकडे दिवस एकाच सुमारास लहान होतात, त्यामुळे दोन्हीकडे अंबाडी नाताळच्या तोंडावर तयार असते. नाशिकमध्ये आपण पानांची भाजी आवडीने करतो, पण बोंडांकडे फारसे लक्ष देत नाही. पेठ, सुरगाणा आणि हरसूल भागातून येणाऱ्या भाजीवाल्या मावशींना नोव्हेंबरमध्येच सांगून ठेवले, किंवा गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात चौकशी केली, तर ती मिळण्याची शक्यता चांगली असते. ज्यांच्याकडे अंगण किंवा गच्ची आहे त्यांनी पावसाच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत दोन-तीन बिया टोचाव्यात.

बोंडे सोलणे हे चार जणांनी एकत्र बसून करण्याचे काम आहे. देठाच्या बाजूने सुरीचे टोक गोल फिरवावे, आतील हिरवी बीजाची गाठ अंगठ्याने वर ढकलून बाहेर काढावी आणि लाल पाकळ्यांसारख्या दलांचा प्याला सुटा करावा. गाठीवर बारीक लव असते, ती बोटांना टोचते. तिचा त्रास होत असेल तर हातमोजे वापरावेत. अर्धा किलो बोंडे होईस्तोवर नखांच्या कडा जांभळट लाल होतात आणि तो रंग दोन दिवस जात नाही. बेटावर ज्या अंगणात सॉरेल सोलतात तेथेच नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू होतो. आपल्याकडेही महिला मंडळाने किंवा तरुण संघाने हे काम एका दुपारी एकत्र करावे, कारण एकट्याने केले तर ते कंटाळवाणे होते आणि पुढच्या वर्षी कोणी करत नाही.

सोललेली २५० ग्रॅम दले दीड लिटर पाण्यात घालून त्यात ५० ग्रॅम ठेचलेले आले, पाच-सहा लवंगा, बोटभर दालचिनी आणि संत्र्याच्या सालीचा एक तुकडा टाकावा. उकळी आल्यावर आच मंद करून दहा मिनिटे ठेवावे आणि झाकून रात्रभर मुरू द्यावे. भांडे स्टीलचे किंवा काचेचेच असावे. अंबाडी अतिशय आंबट असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ती धातू ओढून घेते. सकाळी गाळून २०० ते २५० ग्रॅम साखर विरघळवावी. चव प्रथम आंबट, नंतर आल्याची तिखट आणि शेवटी गोड लागली पाहिजे. साखर सढळ हाताने घातली तर ते कोणत्याही दुकानातील सरबतासारखे होते. फ्रीजमध्ये हे पेय आठवडाभर चांगले राहते. सुकवलेली दले वापरायची असतील तर ५० ग्रॅम पुरतात. रंग घालण्याची गरज कधीच पडत नाही.

याच्या जोडीला बेटावर आल्याचे पेयही करतात: किसलेले आले, लिंबू, लवंग आणि पाणी एकत्र करून दिवसभर झाकून ठेवायचे, गाळायचे आणि साखर घालायची. नाशिकच्या डिसेंबरमध्ये ते थंड देण्याऐवजी कोमट द्यावे, असे माझे मत आहे.

नऊ पहाटा

सेंट व्हिन्सेंटचा नाताळ वेगळा आहे तो या नऊ पहाटांमुळे. नाताळपूर्वीच्या नऊ दिवसांत कॅथलिक मंडळीत पहाटेची नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, होत असे. ती संपल्यावर लोक लगेच घरी न जाता काळोखातच रस्त्याने फिरत, गात, भेटत घरी परतत. पुढे इतर पंथांचे लोकही त्यात मिसळले आणि १६ ते २४ डिसेंबर या काळातील पहाटेचा हा राष्ट्रीय उत्सव झाला. किंग्सटाउनच्या हेरिटेज चौकात आणि गावोगावी गाणी, नाच, सायकलींच्या फेऱ्या, खाद्यपदार्थांची दुकाने आणि समुद्रस्नान हे सारे उजाडण्यापूर्वी होते, आणि त्यानंतर लोक आपापल्या कामाला जातात.

नाशिकमध्ये हे करताना प्रथम थंडीचा विचार करावा. येथे डिसेंबरात पहाटेचे तापमान अनेकदा १० अंशांच्या आसपास उतरते आणि निफाडकडे त्याहूनही खाली जाते, त्यामुळे समुद्रस्नानाच्या बदल्यात नदीवर किंवा धरणावर जाण्याचा विचार मनात आणू नये. सूर्योदय सुमारे सात वाजता होतो, म्हणून साडेपाचला जमून साडेसहाला संपवणे शाळा व नोकरी असणाऱ्यांना जमते. वृद्धांनी आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी अंगणातून सामील व्हावे. फेरीचा मार्गच त्यांच्या दारावरून जाईल असा आखावा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, आणि तसाही या फेरीला त्याचा उपयोग नाही. गिटार, ढोलकी, खंजिरी, टाळ आणि माणसांचे आवाज पुरेसे आहेत. आपली मराठी ख्रिस्ती भजने अभंगाच्या व ओवीच्या चालींवर बांधलेली आहेत; पहाटेच्या प्रभातफेरीसाठी ती इंग्रजी कॅरलपेक्षा अधिक शोभतात, म्हणून दोन भजनांमागे एक कॅरल असे प्रमाण ठेवावे. झोपलेल्या वस्तीतून जाताना आवाज लहान ठेवावा, मुख्य रस्त्यावरून मोठी फेरी काढायची असेल तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे आणि सर्वांत मागे चालणाऱ्याच्या हातात कंदील किंवा बॅटरी असावी.

नऊही पहाटा सारख्याच भरवण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या दिवशी मोजकी माणसे येतील, मधले दोन-तीन दिवस ओसरल्यासारखे वाटतील आणि शेवटच्या तीन दिवशी गर्दी होईल. बेटावरही शेवटच्या पहाटेचीच वाट पाहिली जाते. एक पहाट सायकलींसाठी ठेवावी. नाशिकमध्ये सायकल चालवणारे पुष्कळ आहेत आणि गंगापूर रस्ता त्या वेळी मोकळा असतो. पुढचा-मागचा दिवा आणि हेल्मेट यांशिवाय कोणालाही सोबत घेऊ नये. रविवार आला तर त्या दिवशीची फेरी थेट उपासनेच्या दारात संपवावी. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी किमान एक पहाट एकत्र करावी, कारण मूळ रीतच पंथांच्या भिंती ओलांडून वाढलेली आहे. पाळक आणि फादर यांनी त्याबद्दल आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातच बोलून ठेवावे.

एक पहाट नाशिकमधील शरणपूरसाठी राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवतो. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेने १८५४ मध्ये वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले आणली गेली, येथे ती वाढली, शिकली आणि कारागिरी शिकून मोठी झाली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेचे संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा देण्याचा मान त्याला मिळाला. पुढे शरणपूरच्या अनेक आफ्रिकी कुटुंबांनी पूर्व आफ्रिकेतील मोंबासाजवळ १८७५ मध्ये वसवलेल्या फ्रिअरटाउनची वाट धरली. सेंट व्हिन्सेंटवरील बहुसंख्य लोकांचे पूर्वजही आफ्रिकेतूनच पकडून आणलेले गुलाम होते. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी कायद्याने संपली आणि पूर्ण मुक्ती १८३८ मध्ये मिळाली. मळ्यावरच्या गुलामांना वर्षात जे थोडे दिवस सुटी मिळे त्यांत नाताळचे दिवस होते. आज त्या बेटावर नाताळ एवढ्या जोमाने का साजरा होतो, हे मुलांना सांगायचे असेल तर त्यासाठी नाशिकमध्ये शरणपूरइतकी योग्य जागा नाही. ही गोष्ट दहा मिनिटांत सांगावी, त्यानंतर लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळांचा भाग वाचावा आणि आल्याचा चहा द्यावा.

फेरीत बेटावरील लोकांसारखा पोशाख करणे, चेहरे रंगवणे किंवा त्यांच्या बोलण्याची नक्कल करणे पूर्णपणे टाळावे. आपण त्यांची रीत आदराने घेत आहोत. त्यात सोंगाला जागा नाही.

घर, पंगत आणि पाहुणे

२४ तारखेच्या रात्रीसाठी एक काम मुद्दाम राखून ठेवायचे आहे, ते म्हणजे पडदे. घराची साफसफाई, रंगाचा हात, भांड्यांची घासणी हे सर्व आधी करावे; नवे किंवा धुऊन इस्त्री केलेले पडदे मात्र मध्यरात्रीच्या मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) किंवा उपासनेला निघण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून लावावेत. खर्चाची गरज नाही, एका खोलीचे पडदे पुरतात.

पंगतीत मुख्य पदार्थ म्हणजे ओल्या तुरीचा नारळीभात. तूर मूळची भारतातली; ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियनमध्ये पोहोचली. तुरीच्या ओल्या शेंगा डिसेंबरात नाशिकच्या बाजारात येतात आणि बेटावरही त्याच सुमारास निघतात. दीड वाटी सोललेले दाणे दहा मिनिटे उकडून घ्यावेत. तेलात पातीचा कांदा, लसूण आणि पानओव्याची तीन-चार पाने परतावीत. हा पानओवा आपल्याकडे कुंडीत भज्यांसाठी लावतात तोच, आणि बेटांवरील स्वयंपाकातही तो थाइम या सुगंधी पाल्याच्या जोडीने वापरतात. त्यात दाणे, दोन वाट्या धुतलेला कोलम तांदूळ, दीड वाटी नारळाचे दूध, अडीच वाट्या पाणी आणि मीठ घालावे. वर एक अख्खी तिखट मिरची न फोडता ठेवावी, झाकण लावून मंद आचेवर शिजवावे आणि वाढण्यापूर्वी मिरची अलगद उचलून घ्यावी. ती फुटली तर वास जाऊन केवळ जाळ उरतो.

बेटावर याच्याबरोबर लवंगा टोचून भाजलेले डुकराचे हॅम असते. येथे ते सहज मिळत नाही आणि पुष्कळांना चालतही नाही, म्हणून कोंबडी घ्यावी. पातीचा कांदा, लसूण, पानओवा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबाचा रस यांचे वाटण लावून ती रात्रभर ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी भाजावी. १ जून १८६१ रोजी मद्रासहून करारबद्ध मजुरांना घेऊन ‘ट्रॅव्हनकोर’ जहाज सेंट व्हिन्सेंटला पोहोचले तेव्हापासून तेथे भारतीय वंशाचे लोकही आहेत. त्यामुळे पंगतीत आपला एखादा रस्सा ठेवला तर तो परका ठरत नाही.

बेटाप्रमाणे दार उघडे ठेवायचे असेल तर शेजाऱ्यांच्या नेमांची माहिती हवी. डिसेंबरात मार्गशीर्षातील गुरुवार येतात आणि त्या दिवशी पुष्कळ घरांत उपवास असतो किंवा मांसाहार वर्ज्य असतो. नऊ पहाटांच्या दिवसांत किंवा नाताळच्या दिवशी असा गुरुवार आला तर मांसाहाराचे टेबल वेगळ्या खोलीत मांडावे आणि अंबाडीचे पेय, नारळीभात, फळे वेगळ्या भांड्यांतून द्यावीत. उपवासाला भात चालत नाही, त्यांना पेय आणि फळे पुरेत. अंडी न खाणाऱ्यांसाठी आरारूटची नारळी खीर करावी: एक लिटर नारळाच्या दुधात चार मोठे चमचे आरारूट थंड पाण्यात कालवून घालावे, गूळ व जायफळ घालून घट्ट होईपर्यंत ढवळावे. सेंट व्हिन्सेंट आरारूटच्या पिकासाठी फार काळापासून प्रसिद्ध आहे, त्यामुळे हा पदार्थ केवळ सोय म्हणून ठेवलेला नाही. नाशिकच्या दुकानातून घेताना पाकिटावरील घटक वाचावेत, कारण दुसरे स्टार्चही याच नावाने विकले जातात.

२५ तारखेला उपासनेनंतरचा वेळ कुटुंबासाठी ठेवावा. २६ डिसेंबर हा बेटावर सार्वजनिक सुटीचा दिवस असतो आणि भेटीगाठी, सहली यांत जातो. आपल्याकडे तो कामाचा दिवस असल्यामुळे संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ जाहीर करावी आणि आमंत्रणाशिवाय येणाऱ्यांसाठीही केकचे तुकडे कापून ठेवावेत. तुकडे लहान, दोन बोटांएवढेच कापावेत. हा केक जड असतो, आणि दोन केक त्या मापाने साठ-सत्तर माणसांना पुरतात. जे आजारपणामुळे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे केक आणि पेयाची बाटली त्याच संध्याकाळी पोहोचवावी. हे काम शक्यतो पहाटेच्या फेरीत सामील झालेल्या मुलांकडे द्यावे, म्हणजे त्यांना त्या घरांचा रस्ता माहीत असतो.

बरणीतील मेवा शेवटच्या चमच्यापर्यंत संपवू नये. तळाशी उरलेला वाटीभर मेवा तसाच ठेवून त्यावर रम बुडेल इतकी घालावी. उन्हाळ्यात नवा बेदाणा आल्यावर तो याच बरणीत मिसळला की पुढचा केक अधिक गडद होतो. अंबाडीच्या झाडावर दोन-तीन बोंडे न तोडता पूर्ण वाळू द्यावीत, फुटण्याच्या बेतात आली की बिया काढून कागदाच्या पुडीत तारीख लिहून ठेवाव्यात आणि मृगाचा पाऊस पडला की कुंडीत टोचाव्यात.